केबिन गेल्या, मग बोलायचं कुठे? नाशिकमधल्या एका ऑफिसचं प्रकरण

हे प्रकरण सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय कसे झाले आणि कुठे अडले, ते मात्र होतं तसंच ठेवलं आहे. मला बोलावलं ते दुसऱ्या टप्प्यात, नव्या ऑफिसची मांडणी दुरुस्त करण्याच्या वेळी. त्यामुळे पहिल्या टप्प्याची माहिती नकाशे, बिलं आणि लोकांच्या बोलण्यातून मिळालेली आहे.

पार्श्वभूमी

कंपनी कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल, म्हणजे यंत्रं चालवणारी विजेची कपाटं, बनवते. पॅनेल शेडमध्ये तयार होतात आणि त्यांचं डिझाइन, खरेदी, हिशेब हे सगळं ऑफिसात चालतं. ऑफिसात ५८ माणसं: डिझाइनला २२, परचेसला ९, सेल्स आणि साइट इंजिनिअर मिळून १२, बाकी अकाउंट्स, एचआर आणि प्रोजेक्टचं काम पाहणारी. कंपनी वडिलांनी उभी केली. मुलगा पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आला. ऑफिसात सगळे त्यांना मोठे सर आणि छोटे सर म्हणतात, म्हणून इथेही तसंच.

जुनं ऑफिस शेडच्या माळ्यावर होतं. ॲल्युमिनियम पार्टिशनच्या केबिनची रांग, प्रत्येक केबिनमध्ये एक स्टीलचं कपाट आणि शेवटी मोठ्या सरांची केबिन. दिसायला गचाळ, पावसाळ्यात पत्र्याचा आवाज असा की फोनवरचं काही ऐकू येत नसे.

लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईहून घरी आलेली बरीच तरुण मंडळी नंतर नाशिकमध्येच राहायला तयार होती. कंपनीला अशी चांगली डिझाइनर मुलं-मुली मिळाली. त्यांनी मोठ्या शहरातली ऑफिसं पाहिली होती आणि छोट्या सरांनाही तसंच हवं होतं. गंगापूर रोडच्या बाजूला एका नव्या व्यापारी इमारतीचा दुसरा मजला भाड्याने घेतला. पश्चिमेला पूर्ण भिंतभर काच.

नवा नकाशा त्या वेळच्या चलतीप्रमाणे होता. एकही केबिन नाही. फॉल्स सीलिंग काढून स्लॅब काळा रंगवलेला, डक्ट आणि पाइप उघडे. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. ५८ माणसांसाठी ४८ टेबलं, कुणाचीही जागा ठरलेली नाही, सामानाला लॉकर. मधोमध लांब टेबल आणि तिथेच इतरांच्या बरोबरीने मोठे सर. काचेची एक मीटिंग रूम, उंच स्टुलांचा कॅफे काउंटर, कोपऱ्यात बीनबॅग.

मोठ्या सरांनी स्वतःची केबिन सोडली ती मनापासून. 'साहेब आता आपल्यात बसतात' याचं लोकांनाही कौतुक होतं. पहिले काही आठवडे तरी.

अडचण कशी दिसली

आधी दिसल्या त्या ड्रॉइंगमधल्या चुका. वायर कुठे जोडायची ते सांगणारा टर्मिनल नंबर चुकणं, जुन्या रिव्हिजनवर, म्हणजे बदलाआधीच्या ड्रॉइंगवर, काम होणं. डिझाइनर दिवसभर हेडफोन लावून बसू लागले. त्यांच्या मागच्याच ओळीत परचेस विभाग होता, आणि परचेसचं काम म्हणजे फोन: "माल निघाला का? एलआर नंबर पाठवा. अहो, काल पण हेच म्हणालात!" एलआर म्हणजे माल ट्रकवर चढवल्याची पावती. व्हेंडरशी हळू आवाजात बोलून माल लवकर येत नाही, हे त्या विभागातला कुणीही सांगेल.

छोट्या सरांनी याला शिस्तीचा प्रश्न ठरवलं. हळू बोलण्याचं परिपत्रक निघालं. परचेसची माणसं जिन्यात उभी राहून फोन करू लागली आणि तिथून त्यांना कॉम्प्युटरवरची ऑर्डर दिसेना.

मग अकाउंट्समधल्या एका जुन्या कर्मचारी बाईंनी राजीनामा दिला. कारण दिलं 'घरगुती'. एचआरने शेवटच्या दिवशी सहज विचारलं तेव्हा त्या मोकळ्या झाल्या. वडिलांच्या ऑपरेशनसाठी त्यांना पगारातून उचल हवी होती. जुन्या ऑफिसात त्यांनी दारावर टकटक केली असती, "सर, दोन मिनिटं," म्हणाल्या असत्या आणि विषय संपला असता. इथे सर मधल्या टेबलावर, दोन्ही बाजूंना चार-चार माणसं. मीटिंग रूमला काच. "तिथे गेलं की सगळ्या ऑफिसला बातमी. मी रडले असते तर?" तीन आठवडे त्या योग्य वेळ शोधत राहिल्या. शेवटी पैसे नातेवाइकांकडून घेतले आणि घराजवळची दुसरी नोकरी धरली.

मोठ्या सरांना हे समजलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चौकशी केल्यावर लक्षात आलं की पगारवाढ, रजा, एखाद्या सहकाऱ्याबद्दलची तक्रार यातलं त्यांच्यापर्यंत काहीच येत नव्हतं. ते सगळं खाली पार्किंगमध्ये आणि चहाच्या टपरीवर बोललं जात होतं.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. केबिन हे साहेबाच्या मोठेपणाचं लक्षण, असं मानून ती काढली गेली. पण दाराचा उपयोग साहेबापेक्षा त्याच्याकडे काही मागायला येणाऱ्याला जास्त होता. साहेबाला खाजगी बोलायचं असेल तर तो गाडीत बसून बोलेल, घरी बोलावेल. उचल मागणाऱ्याला ती सोय नसते.

पाहणीत काय सापडलं

उपाय सुचवण्याआधी आम्ही आठवडाभर दर तासाला कोण कुठे बसलंय याची नोंद ठेवली. एचआरमधल्या एका मुलीने हे काम चोख केलं, अगदी कोण कुणासाठी बॅग ठेवून जागा अडवतं इथपर्यंत.

जागा ठरलेली नाही, हे फक्त कागदावर होतं. डिझाइनरकडे दोन-दोन मॉनिटर आणि जड डेस्कटॉप; ते रोज हलणार कसे? ती टेबलं आपोआप त्यांची झाली. परचेसकडे सॅम्पलचे खोके. मग 'मिळेल तिथे बसा' हा नियम उरला तो अकाउंट्स आणि प्रोजेक्टच्या लोकांना. त्यातही जवळ राहणारे आणि दुचाकीवाले आधी येऊन चांगल्या जागा धरत. नाशिक रोड, देवळालीकडून सिटीलिंकच्या बसने येणाऱ्या बायका शेवटी पोहोचत आणि त्यांच्या वाट्याला पश्चिमेच्या काचेजवळची टेबलं येत. मार्च ते मे दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही. म्हणून पडदे खाली आणि दिवे चालू. भिंतभर काच घेऊन दिवसा दिवे लावायचे!

जागा वाटून बसण्याची पद्धत जिथे चालते तिथे बरीच माणसं बरेच दिवस बाहेर असतात. इथे तशी फक्त सेल्स आणि साइटची मंडळी होती. बाराजणांपैकी एका वेळी निम्मेसुद्धा आत नसत. ही पद्धत त्यांच्यापुरती ठेवली असती तर कुणाला त्रास झाला नसता.

आवाजाचं कारण उघड होतं. काच, टाइल, उघडा स्लॅब. आवाज शोषून घेईल असं काहीच नाही. टेबलांमधली काचेची पट्टी जमिनीपासून जेमतेम १.१ मीटर. बसलेल्या माणसाचा कान साधारण त्याच उंचीवर असतो, त्यामुळे ती पट्टी आवाजासाठी असून नसल्यासारखी. आणि नुसत्या गोंगाटापेक्षा कळणारं बोलणं जास्त त्रास देतं. पंख्याची घरघर मन सोडून देतं; 'एलआर नंबर पाठवा' हे वाक्य मात्र ऐकावंच लागतं.

मीटिंग रूममध्ये कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र ठेवलं. आठ माणसं, दार बंद, स्प्लिट एसी चालू. अर्ध्या तासात आकडा २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर. बंद खोलीत १००० च्या आसपास गेला की हवा पुरेशी खेळत नाही असं समजतात. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. लांबलेल्या मीटिंगमधल्या जांभयांचं खापर विषयावर फोडलं जात होतं, ते निम्मं तरी हवेवर फोडायला हवं होतं.

थोडं मागे जाऊन

छोट्या सरांचा पहिला प्रश्न होता, "मग जगभर ही पद्धत चालते कशी?"

सगळीकडे चालतेच असं नाही, हे त्यांना दाखवावं लागलं. मोकळ्या ऑफिसची कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत एका सल्लागार गटाने पुढे आणली. कागद आणि निरोप कुणाकडून कुणाकडे जातात याचा अभ्यास करून त्यांनी टेबलं मांडली, आणि मधे कुंड्या व पडदेही ठेवले. अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये हलवता येणाऱ्या पार्टिशनची रचना आणली. माणसाला स्वतःचा कोपरा आणि हालचालीची मोकळीक मिळावी हा हेतू. कंपन्यांनी त्याचेच खुराडे केले आणि क्युबिकल बदनाम झालं. मग क्युबिकलवर उपाय म्हणून भिंतीच काढल्या. २०१८ मध्ये हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत, मोकळ्या ऑफिसात जाण्याआधी आणि नंतर, माणसं एकमेकांशी किती बोलतात ते गळ्यात यंत्र अडकवून मोजलं. समोरासमोरचं बोलणं साधारण ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल आणि मेसेज वाढले. सगळे बघत असले की माणूस स्वतःभोवती भिंत घालून घेतो. इथल्या हेडफोनचा अर्थ तोच होता.

पर्याय आणि त्यांची तोलणी

चार पर्याय टेबलावर आले. मोठ्या सरांचा सरळ: केबिन परत बांधा. खर्च कमी आणि सवयीचा. पण डिझाइनची टीम खरोखर एकमेकांच्या स्क्रीनकडे बघून काम करते. तिला खोल्यांत कोंबणं म्हणजे जुन्याच ऑफिसात परत जाणं.

छोट्या सरांचा पर्याय: डिझाइनला आठवड्यातून तीन दिवस घरून काम. हा चर्चेत सगळ्यात लांबला. काहींना तो अगदी हवा होता. पण सिडकोत दोन खोल्यांच्या घरात लहान मूल आणि सासू-सासरे असलेल्या डिझाइनरसाठी ऑफिस हीच शांत जागा होती, आता ती तशी नसली तरी. शिवाय काही ग्राहकांचे करार ड्रॉइंग बाहेर न्यायला परवानगी देत नव्हते. आणि मुख्य म्हणजे यातून परचेसचा आवाज कमी होणार नव्हता, फक्त ऐकणारे घरी जाणार होते.

वरचा अर्धा मजला भाड्याने घेण्याचा पर्याय भाडं ऐकूनच बाद झाला.

उरला चौथा: आहे त्याच जागेत, कामाप्रमाणे मांडणी बदलायची. गोंगाट करणारं काम एकीकडे, एकाग्रतेचं दुसरीकडे, आणि दार असलेल्या दोन छोट्या खोल्या, ज्या कुणाच्याही मालकीच्या नाहीत. हा घेतला, आणि त्याला दुसऱ्यातला थोडा भाग जोडला: ज्या डिझाइनरला हवं आणि ज्यांचा करार आडवा येत नाही, त्यांना दोन दिवस घरून काम. बुधवारी मात्र सगळ्यांनी यायचं.

काय केलं

परचेस लिफ्टच्या बाजूला गेलं, डिझाइन पूर्वेच्या कोपऱ्यात. मधे कपाटांची ओळ आणि प्रिंटर. परचेस आणि डिझाइनच्या डोक्यावर आवाज शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या टाइल्स लावल्या. बाकी स्लॅब काळाच राहिला, कारण छोट्या सरांना तो आवडत होता आणि तिथे गरजही नव्हती. टेबलांमधलं पार्टिशन कापड लावलेलं, १.४ मीटर उंचीचं.

फोनसाठी तीन बूथ. बाजारात मिळणाऱ्या तयार बूथच्या एका नगाचा भाव ऐकल्यावर सुताराला बोलावलं. दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्डचे दोन-दोन थर, आत रॉकवूल (दगडापासून केलेली, आवाज शोषणारी लोकर), दाराला खालून रबरी पट्टी, वर छोटा एक्झॉस्ट. सुताराने आधी स्वस्त फोम सुचवला होता. तो भराभर पेटतो, म्हणून नको म्हटलं. आणखी एक गोष्ट हमखास सुटते: नवं पार्टिशन घातलं की आधीचा स्मोक डिटेक्टर आणि स्प्रिंकलर भलत्याच बाजूला राहतात. २००६ च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. ती एजन्सी काम सुरू होण्याआधीच बोलावली.

खरी खलबतं झाली ती दाराच्या खोल्यांवर. पहिल्या नकाशात त्या रिसेप्शनसमोर होत्या. मोकळी जागा तिथेच होती. आम्ही जमिनीवर चिकटपट्टी लावून खोल्यांची रेघ आखली आणि लोकांना चालून बघायला सांगितलं. अकाउंट्समधल्या एकीने दोन पावलं टाकली आणि म्हणाली, "इथे वळलं की दिसणारच ना कुठे चाललेय ते." तिचं बरोबर होतं. बोलणं झाकणं सोपं असतं, जाणं झाकायचं राहून जातं. मग खोल्या पँट्रीच्या बोळात नेल्या. त्या बोळात दिवसातून चार वेळा सगळेच जातात, चहाला, पाण्याला. कॅफे काउंटर त्यासाठी तोडावा लागला, आणि त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

दार पूर्ण बंद, लाकडी असावं का, हाही प्रश्न आला. एक पुरुष वरिष्ठ आणि एक कनिष्ठ स्त्री बंद खोलीत, हे काहींना नको होतं, आणि त्यांचं कारण योग्य होतं. दाराला उभी, हातभर उंचीची अरुंद काच ठेवली आणि येणाऱ्याची खुर्ची काचेकडे पाठ करून मांडली. आत कुणीतरी आहे हे दिसतं, कुणाचे डोळे भरलेत ते दिसत नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असते आणि तिचं कामकाज गोपनीय ठेवावं लागतं. या कंपनीत समिती होती, बसायला जागा मात्र आजवर नव्हती.

पश्चिमेच्या काचेवर बाहेरून सावली देणं सगळ्यात चांगलं, कारण ऊन काचेच्या आत आलं की उष्णता आलीच. घरमालकाने बाहेर हात लावू दिला नाही. आतून फिल्म लावली आणि टेबलं काचेपासून दूर सरकवून तिथे येण्याजाण्याची वाट केली. छताचे पंखे परत लावले. पहिल्या टप्प्यातल्या इंटीरियर डिझाइनरने ते 'लूक बिघडवतात' म्हणून काढले होते. २०२० पासून स्टार रेटिंगच्या घरगुती एसीची मूळ सेटिंग २४ अंशांची असते. पंखा फिरत असला तर २६ लाही चालतं. हिवाळ्यात, जेव्हा निफाडचा पारा बातम्यांत येतो, तेव्हा तर एसीचा प्रश्नच नसतो. फक्त उघडतील अशा खिडक्या हव्यात, आणि या इमारतीत त्या मोजक्याच.

निष्पत्ती

ड्रॉइंगच्या रिव्हिजन रजिस्टरमधल्या 'आमची चूक' या रकान्यातल्या नोंदी कमी झाल्या. याचं सगळं श्रेय शांततेला देता येणार नाही, कारण त्याच सुमारास तपासणीची नवी यादीही सुरू झाली. कायमचं घरून काम मागणाऱ्या दोन डिझाइनरपैकी एक राहिली, दुसरा पुण्याला गेलाच.

बूथ परचेसवाल्यांनी फारसे वापरले नाहीत. त्यांना आपल्या टेबलावरूनच बोलायचं असतं, आणि आता त्याचा कुणाला त्रास नाही. बूथ वापरतात ते डिझाइनर, ग्राहकाशी व्हिडिओ कॉलसाठी. तीनाऐवजी दोन पुरले असते.

दाराच्या खोल्या रुळायला वेळ लागला. मोठ्या सरांनी उत्साहाने सोमवार-गुरुवार चार ते पाच अशी वेळ जाहीर केली, 'कुणीही यावं'. कुणी गेलं नाही. ठरलेल्या वेळी जाणं म्हणजे काहीतरी मागायला चाललोय हे जाहीर करणंच. एचआरने ती वेळ रद्द करायला लावली. आता सर स्वतःच दिवसातला काही वेळ त्यातल्या एका खोलीत फाइल घेऊन बसतात, वेळ न सांगता. चहा घ्यायला आलेला माणूस डोकावतो, "सर, दोन मिनिटं?"

न ठरवता झालेला फायदा जेवणाचा. उंच स्टुलांवर साडी नेसलेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाने बसावं कसं? लोक टेबलावरच डबे खात होते. काउंटरच्या जागी दोन लांब, साधी टेबलं आल्यावर डबे एकत्र उघडू लागले. अमुक ब्रेकरला सध्या महिनाभर लागतोय, तो ड्रॉइंगमध्ये घेऊ नका, असं परचेसने डिझाइनला सांगणं आता तिथे होतं. मोकळ्या ऑफिसकडून जी अपेक्षा होती ती भाजी-पोळीने पुरी केली. बीनबॅग कुणाच्या घरी गेल्या ते विचारलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

भाडेकरार करण्याआधी एप्रिलच्या दुपारी चार वाजता त्या जागेत अर्धा तास उभं राहायला हवं होतं. दलाल जागा सकाळी दाखवतो.

अंतर्गत सजावटीचा सगळा पैसा पहिल्याच दिवशी खर्च झाला नसता तर दुसरा टप्पा हप्त्यांवर करावा लागला नसता. चिकटपट्टीची चाचणी तर फुकटातली आहे आणि ती पहिल्या नकाशावरही करता आली असती. मुख्य म्हणजे तेव्हा विचारलं गेलं ते फक्त डिझाइनरना, कारण त्यांना टिकवायचं होतं. अकाउंट्सच्या बायकांना कुणी काही विचारलं नव्हतं.

आणि एक गोष्ट दोन्ही टप्प्यांत राहिली. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही दिली. ५८ जणांच्या ऑफिसात बीनबॅगला कोपरा होता, पाळण्याला नव्हता. ही सोय इतरांबरोबर मिळूनही करता येते. याच इमारतीतली आणखी दोन ऑफिसं तळमजल्यावरचा एक गाळा मिळून घ्यायला तयार आहेत. मुलं कुणाची किती, त्यावर खर्च वाटायचा की माणसांच्या संख्येवर, इथे बोलणी अडली आहेत. छोट्या सरांचं म्हणणं संख्येवर वाटावा. ज्या ऑफिसात सध्या एकही लहान मूल नाही, ते ऑफिस त्याला तयार नाही.